पदरातली चिंच

चुलीमागच्या मडक्यात हात घालून जैनबबीनं चिंचेचा गोळा काढला, पदराच्या टोकाला बांधला आणि गाठ कमरेला खोचली.

"काय घेतलंस गं?" बाहेरून हुसेनबीनं विचारलं. सासूचे कान तिखट होते.

"नूरजहाँचं दुपटं, अम्मा."

"चल मग. मडक्याचं तोंड झाक आधी. सनई बाहेर निघालीया."

हा त्या घराचा दंडकच होता. वाजवणाऱ्यासमोर कुणी चिंच चोखली, की त्याच्या तोंडाला पाणी सुटायचं, ते सनईच्या तोंडाशी बसवलेल्या पातीत उतरायचं आणि सूर बुडबुडायला लागायचा. कुणाचा दावा असला की तो मुद्दाम चिंच घेऊन समोर बसायचा. जैनबबीच्या सासऱ्यानं, नबीलालनं, असल्या एकाला भर मांडवातून हाताला धरून उठवलं होतं.

पण तिच्या नवऱ्याचं दुखणं उलटं होतं. घरामागच्या लिंबाखाली गफार वाजवायला बसला की वाटेनं जाणारे थांबायचे. हेच थांबलेले लोक समोर येऊन बसले की त्याचं तोंड कोरडं पडायचं. आण्णासाहेब देशमुखांच्या लेकीच्या साखरपुड्यात सनई आधी नुसती फुसफुसली, मग किंचाळली, मग गप्पच झाली. नबीलालचे पुढचे दात गेलेले, त्यामुळं शेजारी बसून एकच सूर धरण्यापुरता तो उरला होता. त्या दिवशी तोच सूर ओढत त्यानं वेळ मारून नेली. त्यानंतर तावीज झाला, खडीसाखर झाली, दर्ग्यावर चादरही चढली. घरात त्यावर बोलत मात्र कुणी नसे. जैनबबी बघायची. जेवताना तो तांब्या जवळ ओढून घेतो आणि पाणी पीतच नाही, हे तिनं बघितलं होतं.

आज त्याच लेकीचं लग्न. वेशीजवळ, मारुतीच्या देवळापुढं, नवरदेवाच्या स्वागताची तयारी झाली होती. एका बाजूला घोंगडीवर गफार, नबीलाल आणि संबळ घेतलेला गुंडप्पा. दुसऱ्या बाजूला लाल कोट घातलेले बँडवाले, मांडीवर चकचकीत पितळ.

आण्णासाहेब घोंगडीपाशी वाकले. आवाज चढवायची त्यांना सवय नव्हती.

"नबीलाल, व्याह्यांनी सोलापूरहून बँड आणलाय. आता पोराचं जमलं तर अक्षतांना तुम्हीच. न्हाय जमलं तर मग माझा इलाज न्हाय."

"जी, मालक."

तीन पिढ्या या घरची लग्नं त्यांच्या सनईवर लागत आली होती. एकदा सुटलेला मान परत येत नसतो, हे नबीलालला कुणी सांगायला नको होतं.

नवरदेवाची गाडी वेशीत आली. गुंडप्पानं संबळावर टिपरी टाकली, नबीलालनं सूर धरला, गफारनं सनई ओठांना लावली. नुसती हवा आली. त्यानं पात काढली, जिभेवरून फिरवली, परत बसवली. पुन्हा हवाच. बँडवाल्यांतला एकजण कर्णा पुसायला लागला.

जैनबबीनं तान्ह्या नूरजहाँला एका कडेवरून दुसऱ्या कडेवर घेतलं आणि गाठ सोडली. बोटभर चिंच तोडून तिनं जिभेवर ठेवली, डोळे बारीक केले आणि टाळूला जीभ लावून चोखायला लागली.

"अगं बया, जैनब," शेजारची द्वारकाबाई म्हणाली. "पोरगी अजून अंगावर पितीया की. एवढी कसली घाई?"

मथुराबाई पदराआड हसली. "खाईना का. पण नवऱ्यासमोर? घर बुडवायला निघालीस का काय?"

जैनबबी चोखतच राहिली. तिच्यापुढं हुसेनबी उभी होती, चांगली आडवी, आणि तिच्या पाठीआडून घोंगडी दिसतच नव्हती. बायकांची कुजबुज ऐकून हुसेनबी वळली. तिनं सुनेची बोटं बघितली, तोंड बघितलं. मग मान वळवून लेकाकडं बघितलं. बराच वेळ बघितलं. आणि डोईवरचा पदर सारखा करत ती बाजूला सरकली.

गफारची नजर वर आली ती चिंचेवरच थांबली. त्याच्या गळ्याची घाटी हलली. पुन्हा हलली. पहिला सूर जडच निघाला, पाण्यातून आल्यासारखा, मग मोकळा झाला आणि वेशीच्या कमानीपर्यंत गेला.

जैनबबीनं चिंच मुठीत लपवली. जास्त झालं असतं तर बुडबुडलं असतं. मध्येच सूर कोरडा वाटला की तिचा हात तोंडाकडं जाई, भिजला की खाली येई. नूरजहाँ त्या मुठीकडं टक लावून बघत होती. व्याही पाऊल टाकता टाकता थबकले. बँडवाल्यानं कर्णा खाली ठेवला.

ओवाळणं झालं, लोक मांडवाकडं निघाले. द्वारकाबाई जाता जाता थांबली.

"कितवा महिना गं?"

"दुसरा," जैनबबी म्हणाली.

घोंगडी झटकत नबीलालनं बायकोला विचारलं, "बायकांत चिंच कोण खात होतं?"

"असंल कुणी दोन जिवाची," हुसेनबी म्हणाली. "तुम्ही ती घोंगडी उचला आधी."

जैनबबी देवळाच्या मागं गेली. पदराच्या टोकाला तांबूस डाग पडला होता. उरलेला गोळा काट्यांच्या कुंपणापलीकडं टाकायला तिनं हात उचलला, तेवढ्यात मागं पावलं वाजली. गफार होता. त्यानं तिच्याकडं बघितलं नाही. तिच्या कडेवरची पोर आपल्या खांद्यावर घेतली, दुपट्यानं तिचं तोंड पुसलं.

"टाकू नको," तो म्हणाला. "अक्षता व्हायच्यात अजून."