नोव्हेंबरचा बर्फ

मृणालिनीबाईंचा राजकारण्यांवर विश्वास नव्हता. अपवाद एकच, एल्डन व्हिटलॉक. हयातभर भौतिकशास्त्र शिकवलेल्या बाईंना अपवादाचे कारण द्यावे लागते, आणि ते त्यांच्यापाशी होते. इतिहासाचे हे अमेरिकन प्राध्यापक सिनेटर झाले, मूळ रहिवाशांशी झालेले जुने करार वाचून त्यांनी स्वतःच्या पक्षाविरुद्ध मत दिले, पुढची निवडणूक हरले आणि कुरकुर न करता पुन्हा ग्रंथालयात जाऊन बसले.

आता त्यांच्या नव्वदीनिमित्त ॲन आर्बरजवळच्या त्यांच्या गावात शिलालेखाचे अनावरण होते आणि प्रास्ताविक तिथेच स्थायिक झालेल्या बाईंकडे आले होते. शिळेवर व्हिटलॉक यांच्याच पहिल्या पुस्तकातली गोष्ट कोरली होती: संस्थापकांनी नोव्हेंबरात गोठलेल्या नदीवरून छापखान्याचे यंत्र बैलगाडीतून आणले. तयारी करताना बाईंनी सवयीने गणित मांडले. दोन टनांचे ओझे पेलायला किमान वीतभर जाड बर्फ हवा. त्या वाहत्या नदीवर नोव्हेंबरात बोटभरही धरत नाही.

"आई, प्लीज!" रुचा म्हणाली. "उद्या फंक्शन आहे. नव्वदीच्या माणसाला आज जाऊन हे कोण सांगतं? छान बोल आणि ये."

"पुरावा पाहून मत बदलणारा माणूस, असं मी उद्या म्हणणार आहे. ते खरं आहे की नाही, आजच कळू दे."

दुपारी त्या व्हिटलॉक यांच्या घरी गेल्या. त्यांनी सगळे ऐकून घेतले, गणित पुन्हा मांडायला लावले.

"यंत्र सुटं करून आणलं असेल तर?"

"तर प्रत्येक खेपेचं वजन कमी. पण बैल सुटे करता येत नाहीत."

म्हातारा खोकला येईपर्यंत हसला.

"ही गोष्ट आजोबांनी सांगितली होती. सिनेटमध्ये मी ज्याच्या त्याच्याकडे पुरावा मागितला. आजोबांकडे मागायचा राहिला."

मग ते बाईंना दारापर्यंत सोडायला आले; उद्याचा विषय निघालाच नाही. बाई साशंक मनानेच परतल्या.

दुसऱ्या दिवशी टाळ्यांच्या गजरात व्हिटलॉक प्रास्ताविकाची वाट न पाहताच शिळेपाशी गेले. पडद्याची दोरी हातात घेतली आणि तशीच सोडून दिली.

"दगड उत्तम आहे," ते म्हणाले, "मजकूर चुकीचा आहे आणि चूक माझी आहे. यंत्र नदीपार कसं आलं, हे मला ठाऊक नाही. तेवढंच कोरा."

ते बाईंकडे वळले. "या, डॉक्टर, बैलांचं तुम्हीच सांगा."

बाई उठल्या. प्रास्ताविकातला एकही शब्द त्यांना बदलावा लागला नाही.