पडद्याची डावी बाजू

पंपघरात वहिनींच्या हाताला डोळ्यांची गरज लागत नसे. टाकी भरत आली की कॉम्प्युटरवर घंटा वाजायची, आणि वहिनी फोनवर कोणाला तरी झापता झापताच पडद्याच्या डाव्या खालच्या कोपऱ्यात क्लिक करून ती गप्प करायच्या. घंटेची विंडो तिथे, पंपाची उजवीकडे, टाक्यांची वर. ही मांडणी त्यांनीच लावलेली, आणि तिचा त्यांना कोण अभिमान!

त्या सकाळी घंटा वाजली, वहिनींनी सवयीने क्लिक केलं आणि पंपच बंद पडला. तो जुनाट प्रोग्राम ‘नक्की ना?’ असं विचारण्याच्या भानगडीत पडत नसे. वहिनींनी जीभ चावत पंप पुन्हा सुरू केला खरा; पण ज्यांना टाकीतून नव्हे, पंपावरूनच पाणी मिळायचं त्या टेकडीवरच्या घरांचे नळ तेवढ्यात कोरडे पडले आणि तक्रार थेट साहेबांच्या कानावर गेली.

साहेब तणतणत आले. “पंपाची विंडो या कोपऱ्यात कोणी आणली? ज्यानं आणली त्याची आजच गोदामात बदली करतो.”

वहिनींनी पडद्याकडे नीट पाहिलं. रात्री पंप बंद असायचे आणि पंपघरात कोणी नसायचं; पहाटे पंप आपोआप सुरू व्हायचे. आदल्या दुपारच्या पाळीला या खुर्चीत त्यांचे धाकटे दीर होते. दोघांचं लॉगिन एकच, आणि विंडो शेवटी जिथे ठेवाल तिथेच पुन्हा उघडायची. दिरांनी चाळा म्हणून एखादी सरकवली असती, तर वहिनींनी स्वतःच त्यांची खरडपट्टी काढली असती. पण इथे सगळ्याच विंडो डावीकडे दाटीवाटीने कोंबल्या होत्या. उजवा अर्धा पडदा साफ मोकळा होता.

गेल्या आठवड्यात जेवताना दिरांनी उजव्या हाताशी ठेवलेला पेला दोनदा लवंडला होता, आणि ‘धांदरट कुठले’ म्हणून वहिनी मनसोक्त हसल्या होत्या. आता त्या पेल्याचा अर्थ त्यांना लागला. भाऊजींना उजवीकडचं दिसत नव्हतं, आणि नोकरीच्या धास्तीने ते कोणाला सांगत नव्हते.

“हात माझा, तेव्हा चूकही माझीच,” त्या साहेबांना म्हणाल्या. “न बघता क्लिक केलं. दुपारपर्यंत अशी सोय करते, की पुन्हा असं होणार नाही.”

“जमेल?”

“न जमायला काय झालं?”

त्यांनी दोन वेगळी लॉगिन केली. पहिल्यात त्यांची नेहमीची मांडणी. दुसऱ्यात प्रत्येक विंडोची जागा आणि आकार मोजूनमापून ठरवला: सगळ्या डाव्या अर्ध्यात, एकीखाली एक, एकही दुसरीवर न चढणारी. मग त्या जागा कायमच्या पक्क्या केल्या. काम फक्कड झालं होतं, हे सांगायला त्यांना दुसऱ्या कोणाची गरज नव्हती.

दुपारी दीर आले, वहिनींनी दिलेलं नवं लॉगिन टाकून बसले. विंडो आपोआप डावीकडे ओळीने उघडल्या. माउसवरचा त्यांचा हात तसाच राहिला.

“वहिनी... कधी कळलं तुम्हाला?”

“आज सकाळी. अर्धा पडदा रिकामा टाकून कोण बसतं, भाऊजी?”

“उजवीकडे धुकं आल्यासारखं दिसतं. वाटलं, जाईल आपोआप. सांगितलं असतं तर खुर्ची गेली असती.”

“आणि न सांगता डोळा जाईल त्याचं काय?” वहिनींचा आवाज चढला. राग होताच, पण आपण त्या पेल्यावरून हसलो याची लाजही त्यात होती. “उद्या सकाळी डॉक्टरांकडे जायचं. मी रजा टाकून येतेय बरोबर. आणि साहेबांना तुम्ही स्वतः सांगायचं, आत्ता.”

दिरांनीच फोन उचलून साहेबांना बोलावलं आणि उभं राहून सगळं सांगितलं. त्यांनी काही लपवलं नाही.

साहेबांचा पारा उतरला. पेच मात्र सुटला नाही. “मला वाईट वाटतं हो. पण डोळा बरा होईपर्यंत मी यांच्या एकट्याच्या हाती पंप कसा देऊ?”

“एकट्याच्या कशाला?” वहिनी म्हणाल्या.

“तुमची पाळी तर संपली.”

“म्हणूनच तर मोकळी आहे.” दाराजवळची खुर्ची ओढत आणून त्यांनी दिरांच्या उजव्या बाजूला लावली आणि बसल्या. “डावीकडचं त्यांना सगळं दिसतं. इकडचं मी बघते.”