शेवटची ठेंगणी

कारखान्यातले लोक त्या गाडीला ठेंगणी म्हणायचे. बुटकी, गोलमटोल, समोरून पाहिलं की गाल फुगवून रुसून बसल्यासारखी. अडतीस वर्षं ती एकाच शेडमधून बाहेर पडत आली होती. आता शेवटची निघणार म्हणून निवृत्त झालेल्यांनाही बोलावणं गेलं होतं.

त्यांत कानसेन होते. ते दारांचे तपासनीस. दार लावायचं, आवाज ऐकायचा, कार्डावर शिक्का मारायचा, एवढंच त्यांचं काम. म्हणून हे नाव पडलेलं. साहेबांनी त्यांच्या हातात माइक दिला.

"ठेंगणीचं दार लागलं की ठप्प असा एकच आवाज यायचा," कानसेन म्हणाले. "पोटभर जेवलेल्या माणसाने पाटावरून उठावं तसा, समाधानाचा. माझ्या बायकोच्या हाका मला ऐकू यायच्या नाहीत, पण सैल स्क्रू ऐकू यायचा." लोक हसले. त्या हसण्याने ते खुलले आणि बोलून गेले, "एकही दार मी न ऐकता सोडलं नाही."

टाळ्या पडल्या. त्या टाळ्यांतच त्यांना मागे खांबाशी त्यांच्याच लाइनवरचा जुना फिटर दिसला. तोही टाळ्या वाजवत होता, सावकाश.

कानसेनांचे कान गरम झाले.

एकोणीस वर्षांपूर्वी क्रिकेटच्या सामन्याचा शेवटचा दिवस होता. कानसेनांनी चाळीस गाड्यांच्या कार्डांवर आधीच शिक्के मारले आणि रेडिओ घेऊन ते गच्चीवर गेले. पुढे त्यातल्या एका गाडीचं दार वळणावर उघडलं, एक बाई बाहेर पडली, तिचा हात मोडला. चौकशी झाली. कानसेन म्हणाले, "मी तपासलं तेव्हा दार ठीक होतं." तपासणीनंतर स्क्रू आवळायला दाराला हात लावणारा एकच माणूस होता, फिटर. त्याला लाइनवरून काढून भंगाराच्या यार्डात टाकलं. निवृत्त होईपर्यंत तो तिथेच राहिला.

चहाच्या टेबलापाशी फिटर स्वतःच जवळ आला.

"छान बोललास."

"मला माहीत नव्हतं तू आलायस."

"माहीत असतं तर?" फिटरने कप खाली ठेवला. "त्या दिवशी मी तुला शोधत गच्चीवर आलो होतो. स्क्रूंचे आटे गेल्यासारखे वाटत होते, तुला विचारायचं होतं. तू रेडिओ कानाला लावून बसला होतास, पाठ माझ्याकडे. तेवढ्यात खालून मला हाक आली, मी गेलो."

"मग चौकशीत बोलला का नाहीस?"

"मला वाटलं, तू सांगशील."

कानसेन तडक साहेबांकडे गेले आणि दबक्या आवाजात सगळं सांगू लागले. साहेब तरुण होते. अर्धं ऐकूनच त्यांनी कानसेनांच्या खांद्यावर हात ठेवला. "काका, ती फाइल केव्हाच रद्दीत गेली. आज आनंदाचा दिवस आहे. चला, फोटो काढायचाय." आणि कानसेन फोटोत उभे राहिले.

फाटकाशी त्यांनी फिटरला गाठलं. "मी आता काय करू, तूच सांग."

"घरी चल," फिटर म्हणाला. "हिला सांग."

फिटरची बायको इस्त्री करत होती. "या भाऊजी, किती वर्षांनी," म्हणत तिने खुर्चीवरचे कपडे उचलले. कानसेन बसले नाहीत.

"वहिनी, त्या गाडीच्या वेळी माझ्याकडून जरा दुर्लक्ष झालं..."

"नीट सांग," फिटर म्हणाला.

मग त्यांनी नीट सांगितलं. शिक्के, गच्ची, रेडिओ, चौकशीतलं खोटं. शेवटी आवाज इतका बसला की तिला पुढे झुकून ऐकावं लागलं.

तिने इस्त्रीचं बटण बंद केलं. "यांनी कुलूप लावलं की मी मागून ओढून बघते. यांनी गॅस बंद केला की उठून बघते. एकोणीस वर्षं. लेकही माझं बघून तेच शिकली." ती नवऱ्याकडे वळली. "तुम्ही मला का नाही सांगितलं?"

"सांगितलं होतं," फिटर म्हणाला. "पहिल्याच आठवड्यात. तू म्हणालीस, दुसऱ्यावर ढकलू नका."

ती बराच वेळ शर्टाची कॉलर सरळ करत राहिली. मग म्हणाली, "हात मोडलेल्या त्या बाईला भेटायला हे गेले होते. माफी मागून आले. तुम्ही गेला होतात?"

"नाही."

"लेक सहाला येते. तिलाही सांगा. तोवर बसा."

पावणेपाच वाजले होते. कानसेन खुर्चीच्या कडेवर टेकले. समोर ठेवलेलं पाणी त्यांनी घेतलं नाही. चपला दाराशीच होत्या, उठून निघून गेलं असतं तर कोणी अडवलं नसतं. ते बसून राहिले. सहाला थोडा वेळ असताना जिन्यात पावलं वाजली. शेजाऱ्यांची असावीत, असं त्यांना मनापासून वाटलं. पण किल्ली याच दारात फिरली, आणि ते उठून उभे राहिले.