मधली तीन वर्षं

शुक्रवारी पाच वाजता माझ्या नावावर एकही उघडी तक्रार नसेल तर मी कायम, आणि एक जरी असली तर आणखी तीन महिने उमेदवारी, असं शून्यसाहेबांनी सोमवारीच सांगून टाकलं होतं. शून्यसाहेब म्हणजे आमच्या तक्रार विभागाचे प्रमुख. त्यांना शून्य हा एकच आकडा आवडतो. बाकीचे ते नाइलाजाने वाचतात.

आमचं अ‍ॅप चिनी प्रेममालिका दाखवतं, खाली मराठी अक्षरांसकट. विभागात टेबलं दोन. पहिल्यावर तांत्रिकताई. चित्र अडकलं, आवाज गेला, अक्षरं पुढे पळाली, असल्या तक्रारी तिच्याकडे. ती सगळ्यांना टीव्ही बंद करून चालू करायला सांगते आणि दुपारी चार वाजता निवांत नखं कापते. दुसऱ्या टेबलावर मी. माझ्याकडे आशय. आशय बंद करून चालू करता येत नाही.

आशयाच्या तक्रारींचे कप्पे ठरलेले. कप्पा एक, नायकाने नायिकेचं मनगट धरून तिला ओढत नेणे. कप्पा दोन, नायिका घसरणे व नायकाने तिला झेलणे. ह्यात गिरकीसह आणि गिरकीविना असे दोन पोटकप्पे. तीन, ताप आणि कपाळावर ओला रुमाल. चार, नायकाच्या आईने पेल्यातलं पाणी नायिकेच्या तोंडावर फेकणे. पाच, दाराआडून अर्धंच वाक्य ऐकून निघून जाणे. सहा, ट्रकमुळे स्मृती जाणे. सात, स्मृती परत येणे, बहुधा दुसऱ्या ट्रकमुळे.

लिहिणारे लोक चिडलेले नसतात. दमलेले असतात. एका बाईंनी लिहिलं होतं की ओली फरशी दिसली की त्या आधीच डोळे मिटून घेतात, आणि भाग संपला की पुढचा लावतात. पुढचा का लावतो, हे त्यांचं त्यांनाच कळत नव्हतं. ह्यासाठी आमच्याकडे कप्पा नव्हता. मी तक्रार दोनमध्ये टाकली, गिरकीसह.

सगळ्यांना उत्तर मात्र एकच: ‘आपल्या भावना आम्ही संबंधितांपर्यंत पोहोचवल्या आहेत.’ हे संबंधित कोण, ते मला पाच महिन्यांत कळलं नाही. तांत्रिकताई इथे सहा वर्षं आहे. तिनेही त्यांना पाहिलेलं नाही.

तक्रार आपण आपल्या हाताने बंद करू शकत नाही, इथेच घोडं पेंड खातं. ‘समाधान झालं’ हे बटण प्रेक्षकाच्या टीव्हीवर येतं, ते त्यानेच दाबायचं. बहुतेक जण कंटाळून दाबतात. शुक्रवारी दुपारी साडेतीनला फक्त एका बाईंनी दाबलेलं नव्हतं. सही होती ‘सून’. तक्रार अशी: ‘चोविसाव्या भागाच्या शेवटी नायक कुणालाही न सांगता निघून जातो. मग काळ्या पडद्यावर “तीन वर्षांनंतर” अशी पाटी येते. मधली तीन वर्षं कुठे आहेत? कळवावे.’ मी ठरलेलं वाक्य पाठवलं होतं. त्यावर उत्तर आलं, ‘भावना नाहीत. प्रश्न आहे.’

मी फोन लावला.

बाईंचा आवाज खांदा आणि कान यांच्यामध्ये फोन दाबून धरल्यासारखा येत होता. त्या चादरीच्या घड्या घालत होत्या. त्यांनी जे सांगितलं ते असं. सासूबाईंचं खुब्याचं हाड मोडल्यापासून त्या पलंगावर. दुपारी दोघी मिळून मालिका बघतात. अकरा दिवसांपूर्वी ती पाटी आली आणि सासूबाईंनी रिमोट उशीखाली घातला. मधे काय झालं ते कळल्याशिवाय पुढचं लावायचं नाही. तेव्हापासून रोज दुपारी चोविसावा भाग पुन्हा, पुन्हा ती पाटी, पुन्हा तो प्रश्न, आणि मग चहाची वेळ होईपर्यंत दोघी काळ्या पडद्याकडे बघत बसायच्या. निरोपाच्या प्रसंगाचे चिनी संवाद बाईंना आता तोंडपाठ झाले होते. कुठला शब्द म्हणजे काय, ते न कळता.

“पुढे काय होणार ते मला ठाऊक आहे हो,” बाई म्हणाल्या. “दोघं लिफ्टमध्ये भेटणार आणि लिफ्ट बंद पडणार. पण पडू दे ना. आमच्या घरात तेवढं तरी काहीतरी होईल.”

मग त्यांनी फोन मोठ्या आवाजावर टाकला आणि सासूबाईंच्या जवळ नेला. सासूबाईंनी आधी घसा साफ केला.

“संबंधित बोलतायत का?”

मी शून्यसाहेबांच्या केबिनकडे पाहिलं. घड्याळाकडे पाहिलं. “हो,” म्हणालो.

सासूबाईंचं म्हणणं सरळ होतं. मुलगा गेला ते दिसलं. परत येणार तेही दिसतंय. पण त्या मुलीने तीन वर्षं काय केलं? भिंतीवर टांगून ठेवली होती का?

मी म्हणालो, तिला खूप ताप आला. सासूबाई म्हणाल्या, ताप आठव्या भागात येऊन गेला. मी म्हणालो, मग एका ट्रकने. ट्रक एकोणिसाव्यात, त्या म्हणाल्या. मी दुसरा नायक काढून पाहिला, तो म्हणे छत्री घेऊन कायमचा चालता झाला होता. पाच महिने दिवसाला ऐंशी तक्रारी वाचून माझ्या डोक्यात सात कप्प्यांखेरीज काही उरलेलंच नव्हतं. सातही कप्पे संपले. पलीकडे चादर झटकल्याचा आवाज आला.

“संबंधित असून तुम्हाला माहीत नाही,” सासूबाई म्हणाल्या. रागाने नाही. आमच्या बाबांनी दहावीचा निकाल बघताना काढला होता, तो सूर.

तेव्हा मी माझीच तीन वर्षं काढून दिली. दुसरी कुठली माझ्याजवळ नव्हती.

म्हणालो, शिक्षण संपल्यावर ती मोठ्या भावाकडे राहायला गेली. हॉलमध्ये सोफ्यावर झोपायची. घरातली माणसं उठायच्या आत उशी-पांघरूण कपाटात ठेवायची, म्हणजे कुणी राहत असल्यासारखं दिसू नये. काम नव्हतं. अर्ज करायची. वहिनी एका शब्दानेही बोलायची नाही, उलट भाजी वाढताना म्हणायची, घ्या ना, संकोच कसला. तो ‘घ्या ना’ घशाखाली उतरायला वेळ लागायचा. म्हणून ती रोज दहा वाजता इस्त्रीचे कपडे घालून घराबाहेर पडायची.

“कुठे?” सासूबाईंनी विचारलं.

“कुठे नाही. वाचनालयात पंख्याखाली. वाचनालय बंद असलं की बागेतल्या बाकावर. सहा वाजता परत. भाऊ विचारायचा, दमलीस का? ती म्हणायची, हो.”

“मग?”

“मग दुसऱ्या दिवशी पुन्हा दहा वाजता.”

“मग?”

“मग असंच. मधे एकदा दाढ काढली.”

पलीकडे चादरीच्या घड्या घालणं थांबलं. मग सासूबाई म्हणाल्या, हे बरोबर वाटतंय. आणि सुनेला म्हणाल्या, “काढ रिमोट. लाव पुढचा.”

तांत्रिकताईने नखं कापायचं थांबवून माझ्याकडे पाहिलं. सोफा तुझाच ना, असं तिने विचारलं. मी म्हणालो, नायिकेचा.

चार चाळीसला बाईंचा निरोप आला. मला वाटलं समाधान झालं. झालं नव्हतं. ‘पंचविसाव्या भागात नायिका परदेशातून नावाजलेली डिझायनर होऊन आली. सासूबाई म्हणतात, हे खोटं आहे, संबंधितांनी खरं सांगितलं होतं. मालिका दुरुस्त करावी. ते नाहीच जमलं तर राहू दे. पण त्या मुलीला शेवटी काम मिळालं का, एवढं कळवा. कळलं की बटण दाबायला सांगितलंय.’

मी दोनदा वाचलं. काम मिळालं का, हे मी शून्यसाहेबांना विचारायला हवं होतं. शून्यसाहेब म्हणणार, उघडी तक्रार नसेल तर मिळालं. तक्रार बंद होणार काम मिळालं तर. अंडं आधी की कोंबडी आधी हे लोक इतकी वर्षं उगाच विचारतात. आमच्या विभागात दोघांनाही एकमेकांची सही लागते. मी तांत्रिकताईला निरोप दाखवला. ती म्हणाली, बंद करून चालू कर.

चार एक्कावन्नला मी लिहिलं, ‘मिळालं.’ लिहिताना ते खोटं होतं. बाईंनी नऊ मिनिटांत बटण दाबलं तर खरं होणार होतं.

चार पंचावन्नला उत्तर आलं. ‘सासूबाईंचा आत्ताच डोळा लागला. अकरा दिवसांत दुपारची झोप पहिल्यांदा. रिमोट त्यांच्याच उशीखाली आहे. उठल्या की लगेच. तोवर मीही जरा पाठ टेकते.’

मी फोन उचलला. फोन वाजला असता तर म्हातारी नक्की उठली असती, रिमोट निघाला असता, आणि मी कायम झालो असतो. तांत्रिकताई माझ्याकडे बघत होती. मी अर्धा नंबर लावला. पुढच्या आकड्याला बोट थांबलं. मग फोन जागेवर ठेवला आणि टेबलावरचा पाण्याचा पेला उगाच दोन बोटं डावीकडे सरकवला.

पाच वाजता शून्यसाहेब बाहेर आले, पडद्यापाशी वाकले आणि म्हणाले, “एक.” हा आकडा उच्चारताना त्यांना खरंच त्रास झाला. तीन महिन्यांनी पुन्हा बघू, असं म्हणून ते डबा घेऊन गेले.

पाच वीसला तक्रार बंद झाली. खाली एक ओळ होती: ‘सासूबाई म्हणाल्या, सुटली बिचारी.’

मालिकेत ती ‘तीन वर्षांनंतर’ची पाटी चार सेकंद असते. मी डोळे मिटून चार मोजले. उघडले तेव्हा तांत्रिकताई पंखा बंद करत होती आणि कप्पा दोनमध्ये नवीन तक्रार आली होती, गिरकीविना.