बुडाचा पोपट

आमचा मुलगा चालायला लागला तसं घरात त्याला सगळे इन्स्पेक्टर म्हणायला लागले. एकही कपाट तो तपासल्याशिवाय सोडत नाही, आणि सापडेल ते आणून माझ्या मांडीवर ठेवतो. मोजा, कांदा, चपलेचा पट्टा. त्या सकाळी त्यानं सरबताची बाटली आणली. दोन्ही हातांनी गळ्याशी धरून, तोल सावरत, तोंडभर हसत. बाटलीवर कागद नव्हता, आत पाण्यासारखं काहीतरी होतं. मी झाकण उघडून वास घेतला. टर्पेंटाइन.

सासूबाई म्हणाल्या की झाकण त्यांनी स्वतः आवळलं होतं, ते उघडलं नसतं. मुलाला नसतं उघडलं, हे मलाही कळत होतं. आजच्यापुरतं.

बाटली जिन्याखालच्या कपाटातली. सासऱ्यांनी हे घर स्वतःच्या हातानं रंगवलं होतं, आणि उरलेला रंग कधीतरी लागेल म्हणून तिथं ठेवला होता. ते गेले, डबे राहिले. एकाही डब्यावर कागद नाही. घरात आलेला डबा आधी भिजत घालायचा आणि कागद खरवडून काढायचा, हा सासूबाईंचा खाक्या. स्वयंपाकघरात साखर कुठली नि मीठ कुठलं, ते आमच्याकडे जिभेलाच विचारावं लागतं. जिन्याखाली तसं विचारून चालणार नव्हतं.

नवऱ्यानं कपाटाला कुलूप लावलं. इन्स्पेक्टर दिवसभर त्यासमोर बसून चमच्यानं ते ठोकत राहिला. मला डबे घराबाहेर हवे होते. कचऱ्याच्या गाडीवाल्यानं रंग पाहिला आणि पिशवी जिथल्या तिथे ठेवली. सासूबाई म्हणाल्या, मोरीत ओतू. मी म्हटलं, ते पाण्यात उतरतं, उद्या आपल्याच नळाला येईल. यावर त्या म्हणाल्या, तुला विचारायला गेलं तर माणसानं शिंकूसुद्धा नये.

शेवटी रंगाच्या दुकानात फोन केला. दुकानदार बोलायला बरा होता. ज्या कंपनीनं डबा विकला तिनंच तो परत घ्यायचा, उरलेल्या रंगासकट, असा आता नियम आहे म्हणाला. फक्त डबा त्यांच्या कंपनीचा हवा. लेबल बघूनच घेतात.

मी कुलूप काढून कपाटासमोर उभी राहिले. सगळे डबे घासूनपुसून लख्ख. रडू यायला लागलं, आणि रडू आलं की मला राग येतो. पीठ भरायचे डबे घासलेत ते ठीक, पण रंगाच्या डब्यांचे कागद कशाला काढले, असं मी सासूबाईंना जरा चढ्या आवाजातच विचारलं.

त्यांनी नातवाच्या हातातला चमचा काढून घेतला.

"त्यावर पोपट होता," त्या म्हणाल्या. "हिरवागार, लाल चोचीचा. तुझा नवरा तेव्हा याच्याएवढा. पोपट दिसला की डबा पोटाशी धरायचा नि झाकण चाटत बसायचा. ह्यांना म्हटलं, डबे टाका. हे म्हणाले, असू देत, भिंतीला लागतील. मग मी पोपटच काढून टाकले."

या घरात भिणारी मी एकटीच, असं मला आजवर वाटत होतं.

"सगळे निघाले," त्या पुढं म्हणाल्या, "बुडाचा तेवढा निघेना. किती घासला मेल्याला."

त्यांनी डबा पालथा केला. पत्र्यातच ठोकलेला, चोच झिजलेला एक पोपट माझ्याकडे बघत होता. प्रत्येक डब्याच्या बुडाला तसाच.

डबे बाबागाडीत बसले आणि इन्स्पेक्टर आजीच्या कडेवर. दुकानदारानं एकेक डबा पालथा करून पाहिला, इतक्या जुन्या रंगात शिसं असू शकतं म्हणाला, आणि सगळे आत नेले. बाटली मात्र त्यानं परत सरकवली. तिच्यावर खूण नाही, तिला वाली कोण? धोकादायक कचऱ्याची पालिकेची गाडी महिन्यातून एकदा येते, ती घेईल.

आम्ही निघणार तेवढ्यात सासूबाईंना फळीवर नवे डबे दिसले. पोपट तोच होता. कडेवरून नातू त्याच्याकडे झेपावत होता.

"भाऊ," त्या दुकानदाराला म्हणाल्या, "डबे परत घेता ते चांगलं करता. पण असल्या डब्यावर पोरांच्या डोळ्यांत भरेल असं चित्र कशाला? तुमच्या कंपनीला सांगा, तो पोपटही परत घ्या म्हणावं."

दुकानदार हसला, कळवतो म्हणाला. मग नातवाच्या हाताकडे बघून त्यानं डबे वरच्या फळीवर सरकवले.

बाटली आता कपाटाच्या माथ्यावर गाडीची वाट बघते आहे. सासूबाईंनी तिच्यावर मोठ्या अक्षरात 'विष' लिहून कागद चिकटवला. डब्याबाटलीवर त्यांनी कागद लावलेला मी पहिल्यांदाच पाहिला. नातवाला कुठं वाचता येतंय, असं नवरा म्हणाला. त्या म्हणाल्या, तुला येतं ना?

काल मी फरशी पुसायचं नवं औषध आणलं. बाटलीवर पिवळंधमक लिंबू, हिरव्या पानासकट. सवयीनं सासूबाईंनी ती बादलीत भिजत घातली, मग काय आठवलं कोण जाणे, लगेच बाहेर काढली आणि मांडीवर घेऊन नखानं खरवडायला बसल्या.

"नाव राहू दे," त्या म्हणाल्या. "परत द्यायला लागेल. लिंबू तेवढं जाऊ दे."

मी शेजारी बसले. पान माझ्या बाजूला होतं, ते मी काढलं.