पार्लमेंट का जिंकलं

झहूर दाभोळचा, आखातात मीना अल-अहमदीच्या रिफायनरीत एका कंत्राटदाराकडे स्टोअरकीपर. शिक्षण दहावी. त्यामुळे लेकीच्या अभ्यासात तो कधी नाक खुपसत नसे. पण त्या शुक्रवारी माहीन सालमिया भागातल्या त्यांच्या घरात वही आपटून बसली होती. शाळेत वादविवाद होता : इंग्लंडच्या यादवीत राजाविरुद्ध पार्लमेंट का जिंकलं?

"लंडन, बंदरं, आरमार, सगळं पार्लमेंटकडे होतं," ती म्हणाली.

"मग सोपं आहे गो. ज्याचं बंदर त्याचा माल."

"अब्बा, दॅट्स नॉट इनफ. हे पहिल्यापासूनच होतं. तरी दोन-तीन वर्षं राजा हरत नव्हता. का?"

तो प्रश्न झहूरच्या डोक्यात राहिला.

रविवारी रिफायनरीत दुरुस्तीचं काम अडलं. पंपाच्या सांध्यातली गळती रोखणारं, हवं ते गॅस्केट मिळेना. तीन कंत्राटदार, तिघांचे कंटेनर कुलूपबंद, कोणी कोणाला वस्तू देईना. झहूर थेट रिफायनरीच्या इंजिनिअरकडे गेला.

"साहेब, तिन्ही स्टोअर एक करा. माझी चावी साबीरला द्या. तो दुसऱ्या कंपनीचा स्टोअरकीपर आहे, पण माल माझ्याहून चांगला ओळखतो."

इंजिनिअरने ऐकलं. दुपारपर्यंत पंप चालू झाला. झहूरचा मालक मात्र भडकला. "आपली चावी परक्याच्या हाती?"

घरी हे ऐकताच माहीनने पुस्तक उघडलं.

"अब्बा, सेम! प्रत्येक जिल्ह्याची फौज आपली हद्द सोडायला तयार नसायची. मग पार्लमेंटने आपल्याच उमरावांकडून सेनापतिपदं काढून घेतली आणि एकच फौज उभी केली. उमराव असो-नसो, जो हुशार तोच अधिकारी."

"उमरावांनी मुकाट्याने सोडली?"

"कुरकुरत."

"आणि राजाचे सरदार?"

"भांडत राहिले. एकमेकांशीच."

वादविवादात माहीनचा दुसरा नंबर आला. राजाचा हट्टी स्वभाव तू विसरलीस, असं परीक्षक म्हणाले. तिला ते पटलं नाही, झहूरला तर मुळीच नाही.

महिनाअखेर मालकाने त्याला सुलैबियाच्या गोदामावर धाडलं. तिथे थेट बस नव्हती, जाण्या-येण्याचा वेळ दुप्पट झाला.

"चावी दिल्याचा पस्तावा होतो?" माहीनने विचारलं.

"नाही गो," बूट काढत झहूर म्हणाला. "पण मालकाला आधी सांगायला हवं होतं. तेवढं चुकलंच माझं."