खडकातल्या पाण्याचे झाकण

मित्रांनो, मी एक जुनी शिळा आहे. कामाने म्हणाल तर झाकण. पण डब्याचे नव्हे, पाण्याचे.

ऑस्ट्रेलियाच्या पश्चिमेला, तिथल्या मूळच्या नूंगार लोकांच्या मुलखात, एका उघड्याबोडक्या खडकाळ टेकडीवर माझा मुक्काम आहे. माझ्याखाली खडकात एक खड्डा आहे, तोंडाला अरुंद आणि आत रांजणासारखा फुगीर. हिवाळी पावसाचे पाणी उतारावरून येऊन त्यात साठते. मी नीट बसलेली असले, तर ते कडक उन्हाळ्यातही पुरते. मी नसले, तर आटते नाहीतर कुजते. माझे काम एवढेच, आणि मला ते कधी कमी वाटले नाही.

मला घडवले बायकांनी. त्यांनी खडकावर जाळ केला, खडक तडकला, आणि पापुद्रा सुटावा तशी मी सुटले. चौघीपाचजणींनी मला ढकलत, धापा टाकत, एकमेकींना चिडवत इथवर आणले. माझ्या कडा ठोकून ठोकून खड्ड्याच्या तोंडाला बसवल्या. फक्त वरच्या अंगाला दोन बोटांची फट ठेवली, पाणी आत यायला. पुढे कितीतरी पिढ्या आल्या, मला सरकवून पाणी प्यायल्या आणि पुन्हा जागेवर ठेवून गेल्या. कौतुक म्हणाल तर तेच.

मग मुलखात गोऱ्यांची कुंपणे आली, गहू आला, मेंढ्या आल्या. नूंगारांना हाकलून दूरच्या वस्त्यांत नेऊन ठेवले. त्यानंतर फार वर्षे मला क्वचितच कोणाचा हात लागला. कधीतरी टेकडीचे राष्ट्रीय उद्यान झाले आणि पायथ्याला पाटी लागली. पाटीवर फुलांची नावे होती, बेडकांची होती. माझे नव्हते. मी म्हणजे नुसता दगड.

उद्यानाचा रक्षक ट्रेव्हर मनाने भला माणूस. एका उन्हाळ्यात त्याने मला चाटणारे एक कांगारू पाहिले. "अरेरे, तहानलंय बिचारं!" म्हणत त्याने पहारीने मला बाजूला लोटले. वर दोन दगडांवर टेकवून पाहुण्यांसाठी माझे बाक केले! लोक माझ्यावर बसून सँडविच खाऊ लागले. मला लाज वाटली, खोटे कशाला सांगू? दोन महिन्यांत पाणी निम्म्यावर आले, आणि वाकून पिता पिता कांगारूचे एक पिल्लू आत पडले ते पडलेच. टेकडीभर वास सुटला.

नेमक्या त्याच आठवड्यात व्हर्ना आणि डल्सी आल्या. दोघी सख्ख्या बहिणी, नूंगार, सत्तरीच्या पुढच्या. लहानपणी त्यांच्या आईने एकदाच, बंदी असताना वस्तीवरून लपूनछपून, त्यांना इथे आणून पाणी पाजले होते. डोळे मिटण्याआधी ते पाणी पुन्हा प्यायचे, एवढाच व्हर्नाचा हट्ट होता. ट्रेव्हर दोघींना हात देत वर घेऊन आला. व्हर्नाने रीतीप्रमाणे मूठभर वाळू तळहातावर चोळली, खड्ड्याकडे टाकली आणि पाण्याला ओळख देत ती म्हणाली, "मी व्हर्ना. ही डल्सी. आलोय आम्ही." मग तिला वास आला.

"हे कुणी उघडं टाकलं?"

"मी, मावशी. जनावरांना पाणी मिळावं म्हणून..." ट्रेव्हर चाचरला.

"मिळालं की! जन्माचं मिळालं त्याला," डल्सी म्हणाली.

व्हर्ना मागे सरली. जागा दिसली तिथे बसली आणि रडू लागली. रडता रडता तिचा हात माझ्या ठोकून घडवलेल्या कडेवरून फिरला, आणि ती ताडकन उठली.

"डल्से, अगं, आपल्या झाकणावर बसले मी!"

"ठेव बघू जागेवर," डल्सीने ट्रेव्हरला फर्मावले.

ट्रेव्हरने डोके खाजवले. "नियम आहे मावशी. उद्यानातला दगड हलवायला लेखी परवानगी लागते."

"आणि बाजूला लोटताना काय तोंडी चालली?" डल्सीने विचारले.

ट्रेव्हरचे कान लाल झाले. त्याच्या वहीत दोन याद्या होत्या, एक निसर्गाची आणि एक माणसांच्या वारशाची. "खड्डा निसर्गात लिहिलाय," तो म्हणाला. "ही शिळा कशात लिहू? काही पुरावा नको का?"

"लिहू नंतर. आधी बसवून बघ."

त्याने कचेरीत फोन करून कशीबशी परवानगी काढली. पिल्लाला बाहेर काढून पुरले. दोन दिवस तिघांनी बादल्यांनी कुजलेले पाणी उपसून खड्डा रिकामा केला. डल्सीची जीभ हातांपेक्षा जास्त चालली. मग ट्रेव्हरने आणखी माणसे बोलावून मला लोटले. मी बसले. चहूबाजूंनी नेमकी बसले, फक्त वरच्या अंगाला तीच जुनी फट राहिली. ट्रेव्हरने फटीत दोन बोटे घातली, ती नेमकी मावली, आणि त्याने वही काढली.

"आता सांगा, कशात लिहू?" त्याने विचारले. आवाज बदलला होता.

"दोन्हींत लिही," डल्सी म्हणाली. "आणि खाली आमचा फोन नंबर घाल. पुढच्या वेळी दया आली की आधी आम्हाला विचार."

व्हर्नाला मात्र त्या वर्षी पाणी मिळाले नाही. खड्डा कोरडा होता. पाऊस लागायला पाच महिने होते, आणि तिची तब्येत तोवर टिकेल अशी खात्री कोणालाच नव्हती. मलाही काळजी वाटत होती.

पाऊस झाला. ट्रेव्हर आणि त्याचा जोडीदार तिला खुर्चीत बसवून, खुर्ची उचलून वर घेऊन आले. मला सरकवल्यावर तिने ओंजळ भरली, प्यायली, पुन्हा भरली. "आईनं पाजलं होतं तेच गं, डल्से," ती म्हणाली. डल्सीनेही ओंजळ पुढे केली. ट्रेव्हरने फोटोसाठी खिशातून फोन काढला.

मित्रांनो, कुठे काही झाकलेले दिसले, तर ते कोणीतरी कोणासाठी तरी झाकले आहे, एवढे समजा. ज्यांचे आहे त्यांना विचारा. मी याहून चांगले सांगू शकत नाही. पण हनुवटीवरून पाणी ठिबकत असतानाच व्हर्ना ट्रेव्हरवर खेकसली:

"झाक आधी! फोटो मग."